सिरिलचा दुसरा फोटो

१९७९ साली हेरिंग मासे लवकर आले. कोर्टाने मासेमारीतला आमचा हक्क मान्य करून पाच वर्षे झाली होती, तरी सरकारी बोटी आमच्या जाळ्यांभोवती घिरट्या घालतच होत्या आणि आमचे पुरुष त्यांना हात हलवून, हसतमुखाने, नको ते बोलत होते. अशा दिवसांत माझी भाची कोरीन शहरातून घरी आली. ती तिथे चित्रकलेच्या शाळेत शिकत होती. बरोबर कपडे थोडेच होते, आणि एक पोलरॉइड कॅमेरा होता.

कोरीन माझ्या बहिणीची, व्हायडाची मुलगी. व्हायडा गेली तेव्हा पोर रांगत होती. माझ्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीला धरून ती उभी राहायला शिकली. आम्हा अमेरिकेच्या वायव्य समुद्रकाठच्या सालिश लोकांत अशा मुलीला सांभाळलेली म्हणत नाहीत, मुलगीच म्हणतात. तिचे नाव झाले तर ते माझे, आणि तिच्यामुळे मान खाली गेली तर तीही माझीच.

फोटोवाल्यांचा आम्हाला जुना अनुभव होता. माझ्या आजीला एकाने पिसांचा भला मोठा टोप घालून बसवले होते. तो टोप डोंगरांपलीकडच्या, घोड्यांवरच्या लोकांचा. आजी जन्मभर होडीत बसली, घोड्याच्या जवळही गेली नाही. तो माणूस फोटो घेऊन गेला तो गेला. कितीतरी वर्षांनी तो फोटो कुठल्याशा बँकेच्या कॅलेंडरवर सापडला. "आपल्या म्हातारीचा कोंबडा केला त्यांनी," असे माझा भाऊ सिरिल म्हणायचा, आणि हसायचा नाही. त्याने कॅमेऱ्यासमोर उभे राहणेच सोडून दिले. त्याच्या लग्नात पाहुण्यांपैकी एकाने कॅमेरा काढला तेव्हा तो सरळ पाठ फिरवून उभा राहिला. बर्निस वहिनीच्या लग्नाच्या फोटोत नवरा म्हणजे नुसती कोटाची पाठ.

कोरीनचे म्हणणे असे की लोक आज जसे आहेत तसेच तिला हवेत. रबरी बूट घातलेले, मासे डब्यात भरायच्या कारखान्यातला एप्रन बांधलेले, बास्केटबॉलची जर्सी घातलेले. हा कॅमेरा वेगळा होता. बटण दाबले की घुरघुर करत तोंडातून पांढरा चौकोन बाहेर काढायचा आणि त्यावर माणूस हळूहळू वर यायचा, पाण्यातून यावा तसा. तिचा नियम साधा होता. प्रत्येकाचे दोन फोटो काढायचे. दोन्ही त्याच्यासमोर ठेवायचे. आवडेल तो त्याने घ्यायचा, दुसरा तिच्या बिस्किटांच्या डब्यात जाईल, विकला जाणार नाही, असा तिचा शब्द होता. काय नेले ते न दाखवता नेणाऱ्यांची सवय झालेल्या लोकांना हे पटले. वस्तीतली म्हातारी माणसेसुद्धा केस विंचरून बसायला लागली.

सिरिल जवळजवळ शेवटी तयार झाला. बर्निसची पाळी त्याच्यानंतर होती, ती राहूनच गेली. मार्चचा दिवस होता, बारीक पाऊस होता. आम्ही जाळ्यांच्या शेडमध्ये बसलो होतो. मी जाळे सांधत होते, बर्निस उलट्या बादलीवर बसून शिंपले उघडत होती.

"मामा, जरा बस की नीट," कोरीन म्हणाली.

"बसलोय की. कोर्टात बसलो त्याच्यापेक्षा नीट बसलोय."

"कॅमेऱ्याकडे बघ."

"तो माझ्याकडे बघतोय तेवढं पुरे."

"अरे, बस ना गप," बर्निस म्हणाली. "मेलेला मासा तुझ्यापेक्षा शहाणा. निदान हलत तरी नाही."

सिरिलने मान ताठ केली, ओठ मिटले. घुरघुर झाली. कोरीनने तो पांढरा चौकोन त्याच्या हातात दिला आणि सांगितले, थंडी आहे, जॅकेटच्या आत धर, नाहीतर सगळा निळा येईल. त्याने तो काखेत धरला.

"अंडं उबवतोय," तो म्हणाला. "बघू कोण निघतंय."

थोड्या वेळाने त्याने तो बाहेर काढला आणि हात लांब करून बघितला. "हं. हा चांगलाय. जजसारखा दिसतोय मी."

"जजला पुढचे दोन दात नसतात काय?" बर्निस म्हणाली.

सिरिल हसला. तोंड उघडून, मान मागे टाकून, डोळे बंद. कोरीनने बटण दाबले.

तो दुसरा फोटो वर आला तेव्हा सिरिल त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "हा नको. हा फाडून टाक."

"हा फाटत नाही मामा, आत औषध असतं."

"मग डब्यात ठेव. पण डब्याबाहेर काढायचा नाही. लोकांना तुझा मामा दाखव, त्याच्या तोंडातला बोगदा नको. शब्द दे."

"दिला, मामा."

मी आणि बर्निस दोघींनी तो शब्द ऐकला.

ऑक्टोबरात सिरिल बुडाला. वादळ फार मोठे नव्हते. दोघे जण बोटीत होते, बरोबरचा वाचला. लाटांनी सिरिलला आमच्याच किनाऱ्यावर आणून ठेवले, त्याबद्दल आम्ही आभार मानले. कोरीन मातीला आली, मामीचा हात धरून उभी राहिली आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचे म्हणून परत गेली. त्यामुळे नंतर जे झाले ते तिला माहीत नव्हते.

नंतर आम्ही त्याच्या वस्तू जाळल्या. गेलेल्याला तिकडे कपडे लागतात, जेवण लागते. बर्निसने त्याचे जॅकेट आगीजवळ आणले, खिशातून तो पहिला फोटो काढला, बघितला आणि परत खिशात ठेवला. आमच्या घराण्याच्या वतीने बोलणारे लिअँडर काका तिथे उभे होते. ते हळूच म्हणाले, "पोरी, फोटो जाळत नाहीत. तो लागेल पुढे."

"त्याला तिकडे ओळख पटवायला नको का?" बर्निस म्हणाली. "मासेमारीचं कार्ड पाण्यानं पुसून गेलंय. आणि दुसरा आहे की कोरीनकडे."

लिअँडर काका बाजूला झाले. विधवेचा हात कोण धरणार?

माणूस गेला की आम्ही त्याचे फोटो उतरवतो, कापडात बांधून दृष्टीआड ठेवतो. कोणी बघायचे नाहीत. चार वर्षांनी, घरच्यांची तयारी झाली की, सगळ्या वस्त्यांना बोलावून मोठ्या घरात, जिथे आमचे समारंभ होतात, फोटो बाहेर काढायचा, लोकांसमोर फिरवायचा. त्या दिवशी रडणे संपते. तोपर्यंत विधवा अर्धी त्याच्याकडे असते. ती नाचात उभी राहत नाही, मोठ्याने हसत नाही. बर्निससारख्या बाईला ते किती जड गेले असेल ते मी बघत होते. चार वर्षे तिने मासे धुरावून ठेवले, बरण्या भरल्या, ब्लँकेट जमवली.

१९८३ च्या वसंतात एका रविवारी कोरीन आली होती. बर्निसही माझ्याकडे जेवायला होती. जेवण झाल्यावर तिने हात पुसले आणि म्हणाली, "कोरीन, मी ऑक्टोबरातली तारीख ठरवलीय. आता मामाला घेऊन ये. कापडात गुंडाळून आण. तू बघू नकोस, मला दे."

"हो मामी," कोरीन म्हणाली, आणि हातातला पाव तिने ताटलीत ठेवला.

बर्निस गेल्यावर ती भांडी घासायला लागली. माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "मावशी, तो माझ्याकडे नाहीये."

"मग कुणाकडे आहे?"

"एका बाईकडे. प्रदर्शन होतं माझं. तिनं मागितला."

"कधी?"

"ऐंशी साली. एप्रिलमध्ये."

म्हणजे सिरिल गेल्याला सहा महिनेही झाले नव्हते. इथे आम्ही त्याचे नाव घेताना आवाज खाली आणत होतो आणि तिथे तो दिव्याखाली लटकत होता.

"मला वाटलं, शहरातल्या भिंती वेगळ्या," ती म्हणाली. "तिथं आपलं कोणी येत नाही. आणि मामीकडे पहिला आहेच ना. तो चांगला आहे, जजसारखा. तो फिरवता येईल की."

"तो जाळला."

तिने नळ बंद केला. वळली. तिच्या हातातून साबणाचे पाणी जमिनीवर ठिबकत होते, आणि दोघींपैकी कोणी फडके घेतले नाही.

मला तेव्हा राग यायला हवा होता. आला नाही. आली ती लाज. वस्तीतल्या प्रत्येक घरात तिने डबा उघडून दाखवला होता, आणि लोक माझ्याकडे बघून बसले होते: हेस्टरची मुलगी आहे, हेस्टरच्या घरातला शब्द आहे.

पुढच्याच आठवड्यात आम्ही शहरात गेलो. मी धुरावलेला सामन मासा घेतला, कारण कोणाच्या दारात रिकाम्या हाताने जाणे आम्हाला शिकवलेले नाही. फेरीबोटीवर कोरीनने मला कॉफी आणून दिली. दोघी खिडकीतून पाण्याकडे बघत राहिलो.

त्या बाईचे नाव मिसेस एल्डरिज. तळ्याच्या काठावर घर, दारात कुंड्या. वयाने माझ्याएवढीच, चेहरा प्रेमळ. तिने कोरीनला मिठी मारली, माझ्या हातातला सामन दोन्ही हातांनी घेतला, चहा केला. तिच्यात वाईट काही नव्हते. असते तर बरे झाले असते.

"तुमच्या भाचीचं चित्र माझं किती लाडकं आहे, काय सांगू," ती मला म्हणाली. "तो म्हातारा! रोज मला हसवतो."

सिरिल त्या फोटोत बावन्न वर्षांचा होता. मी भिंतींकडे बघितले. जहाजांची चित्रे होती, नातवंडांचे फोटो होते. सिरिल नव्हता. कोरीन विषय कसा काढावा म्हणून कपातला चमचा फिरवत बसली होती. साखर कधीच विरघळली असेल. फेरीवरची कॉफी, वर हा चहा, मला जावे लागले. मी बाथरूम कुठे ते विचारले, आणि मिसेस एल्डरिजने जिन्याखालचे छोटे दार दाखवले.

आत जाऊन मी कडी लावली, बसले, मान वर केली. समोरच्या भिंतीवर माझा भाऊ होता.

आजूबाजूला आणखी गमतीची चित्रे होती. टोपी घातलेले माकड, समुद्रावरची एक जाडी बाई, आंघोळीच्या टबातला कुत्रा. मधोमध सोनेरी चौकटीत सिरिल, तोंड उघडून, दात नसलेला, हसत. ज्याचा चेहरा मी जवळजवळ चार वर्षे बघितला नव्हता आणि बघायचा नव्हता, तो माझ्यासमोर हातभर अंतरावर होता, आणि मी अशी बसलेली. मला उठताही येईना. मी डोळे मिटले. कपडे सारखे केले, हात धुतले, पुन्हा धुतले. तिथे हात पुसायचा टॉवेल होता, कडेला निळी बदके भरलेली. तो मी घेतला आणि चौकटीवर टाकला. मग कोरीनला बोलवायला दार उघडले. मिसेस एल्डरिजच आली.

तिने टॉवेल बघितला, मला बघितले.

"हा माझा भाऊ," मी म्हणाले. "वारलाय तो."

ती गळ्यापासून लाल होत गेली. "मला माहीत नव्हतं. मला कोणी... पाहुण्यांना जरा हसू यावं म्हणून मी..." तिने वाक्य सोडून दिले. दोघी त्या दारात अडकल्यासारख्या उभ्या होतो. ती बाजूला सरकेना, मी बाहेर पडेना.

मी तिला सांगितले की त्याच्या बायकोला हा फोटो हवा आहे, तिच्याकडे दुसरा उरलेला नाही, आणि या जातीच्या फोटोची पुन्हा प्रत निघत नाही, हाच एक. तिने ऐकून घेतले. टॉवेलसकट चौकट उतरवली आणि माझ्या हातात दिली. "टॉवेल राहू द्या वरच," म्हणाली. निरोप द्यायला ती दारापर्यंत आली, पण आमच्या डोळ्याला डोळा देऊ शकली नाही, आणि मीही नाही. कोरीन मागे उभी होती. तिने काही बघितले नव्हते, नुसते ऐकले होते.

गाडीत ती म्हणाली, "कुठं लावला होता मावशी?"

"रस्त्याकडे बघ."

फेरीची वाट बघत रांगेत उभे असताना ती पुन्हा बोलली. "मिळाला ना पण. मामीला नुसता देऊ या. विकला होता हे कशाला सांगायचं? तिलाच त्रास."

"तिला त्रास की तुला?"

ती रडायला लागली. मी तिला थोपटले नाही. चौकट माझ्या मांडीवर होती आणि मला वाटत होते, तिच्यातला माणूस सगळे ऐकतो आहे.

घरी आल्यावर मी चौकट काढून टाकली, फोटो न बघता बोटांनी चाचपून धुतलेल्या पांढऱ्या कापडात बांधला आणि तो कोरीनच्या हातात दिला. तिनेच न्यायचा होता. मी बरोबर गेले.

बर्निस दारातच होती. तिने पुडके घेतले, छातीशी धरले. मग कोरीनकडे नीट बघितले. ती माणसांचे चेहरे वाचणारी बाई होती, खोटे तिच्यासमोर फार वेळ उभे राहत नसे.

"डब्यातच होता ना?" तिने विचारले.

कोरीनच्या ओठांवर 'हो' आलेले मला दिसले. तिने पुडक्याकडे बघितले आणि ते गिळले.

"नाही, मामी. मी विकला होता."

"कुणाला?"

"शहरातल्या बाईला. आज परत आणला."

"कुठं ठेवला होता तिनं?"

"घरात. भिंतीवर."

"कुठल्या भिंतीवर?"

कोरीनने माझ्याकडे बघितले. तिला खरेच माहीत नव्हते. मला त्या क्षणी जमिनीत जावेसे वाटले. पण बर्निसही माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या नवऱ्याबद्दल मला माहीत असलेली गोष्ट तिला माहीत नसावी, हे बरोबर नव्हते. मी सांगितले.

बर्निसने पुडके किंचित हलवले, बाळाला हलवावे तसे.

"तसाही त्याला तिथं तासभर लागायचाच," ती म्हणाली. "पेपर घेऊन जायचा."

मला हसू फुटले. बर्निस हसली नव्हती. माझे हसू तसेच तोंडावर राहिले आणि ते कसे मिटवावे मला कळेना.

"कोरीन," ती म्हणाली, "मला तुझ्याकडून आणखी काही ऐकायचं नाही. जे सांगायचं ते लोकांसमोर सांग. शब्द तू सगळ्या वस्तीला दिला होतास." आणि तिने दार लावले.

आमच्याकडे लाज घरात पुसता येत नाही. ती लोकांसमोर पुसायची असते. ज्याने चूक केली त्याने उभे राहायचे, झाले ते सांगायचे, त्याच्या घराण्याने ब्लँकेट वाटायची, साक्षीदार बोलवायचे, आणि ज्याचा अपमान झाला त्याच्या खांद्यावर शेवटचे ब्लँकेट घालायचे. त्याने ते घेतले तर पुसली गेली. खांदा झटकला तर तुमची लाज तुमच्याजवळ. मग ती नातवंडांनाही पुरते.

माझ्याकडे ब्लँकेट होती. माझ्या नातीला आजीचे जुने नाव द्यायचे होते, त्यासाठी जमवलेली. ती मी पेटीतून काढली. कोरीन म्हणाली, "मावशी, ती नको." मी म्हणाले, "मग काय, वर्तमानपत्रं वाटू?"

मोठ्या घरात त्या दिवशी सगळ्या खाड्यांवरचे लोक आले होते. आत जे झाले त्यातले बरेचसे लिहायचे नसते. दुपार कलल्यावर, फोटो बाहेर काढण्याआधी, लिअँडर काकांनी काठी आपटली आणि सांगितले की हेस्टरच्या घराला काही बोलायचे आहे.

कोरीन मातीच्या जमिनीवर, दोन शेकोट्यांच्या मधे उभी राहिली. आमच्यात बोलणारा माणूस लावतात, स्वतः बोलत नाहीत. काका तिच्या वतीने बोलणार होते. पण तिने त्यांच्या हाताला हात लावला आणि स्वतःच बोलली. आवाज इतका बारीक की मागच्या बाकांवरचे पुढे झुकले.

"मी मामाला शब्द दिला होता. तो गेल्यावर मी त्याचा चेहरा विकला. तुम्ही सगळ्यांनी त्याचे फोटो झाकले होते आणि मी उघडा टाकला. तुमचेही दुसरे फोटो माझ्याकडे आहेत. काही नाहीत. तेही मी विकले."

हे मला माहीत नव्हते. बाकांवर जी कुजबुज झाली ती अजून माझ्या कानात आहे. मी ब्लँकेटच्या ढिगाशेजारी उभी होते. आता पाठ फिरवावी, माझ्या भावाने लग्नात फिरवली तशी, असे मनात आले. पण शेकोटीपाशी पाठ फिरवायला जागा नसते, चारही बाजूंना माणसे असतात.

आम्ही ब्लँकेट वाटली. ज्यांचे फोटो गेले होते त्यांनी नावे सांगितली, त्यांना आधी दिली. एका म्हातारीने ब्लँकेट घेताना कोरीनला विचारले, "माझा कितीला गेला ग? कोणाला तरी मी आवडले म्हणायचं." आजूबाजूचे हसले. कोरीनला हसता आले नाही.

शेवटचे ब्लँकेट बर्निसचे. कोरीनने ते उलगडले आणि तिच्यासमोर उभी राहिली. बर्निस बाकावर बसली होती, समोर आगीकडे बघत. तिने कोरीनकडे बघितलेही नाही. ढोल थांबलेले होते. मी मनात म्हणत होते, घे, माझ्यासाठी घे, व्हायडासाठी घे. लिअँडर काकाही खाली बघत होते.

मग बर्निसने पाठ किंचित पुढे केली. एवढेच. कोरीनने ब्लँकेट तिच्या खांद्यांवर घातले. साक्षीदारांनी बघितले, साक्षीचा मान म्हणून त्यांच्या हातावर नाणी ठेवली गेली, आणि लोकांच्या दृष्टीने ती गोष्ट तिथे संपली.

मग सिरिल बाहेर आला. दुसऱ्या वस्तीतल्या दोघांनी तो धरला होता. इतर घराण्यांचे फोटो मोठे असतात, चौकटीतले, लांबून दिसणारे. हा तळहाताएवढा. ढोल वाजत होते आणि ते दोघे प्रत्येक माणसापुढे थांबत होते, कारण त्याशिवाय तो दिसतच नव्हता. माणसे रडायला म्हणून झुकत आणि तो बोगदा बघून तोंडावर हात घेत. लिअँडर काकांपुढे आला तेव्हा ते म्हणाले, "हा माझ्या बोटीबद्दल काहीतरी बोलतोय," आणि हुंदका आणि हसणे त्यांच्या घशात एकत्र झाले. जो फोटो डब्याबाहेर काढायचा नाही असे सिरिलने बजावले होते, तो सगळ्या खाड्यांनी जवळून बघितला.

बर्निसपुढे तो शेवटी आला. तिने तो हातात घेतला, आगीच्या उजेडाकडे वळवला.

"हा माझ्यावर हसतोय," ती शेजारणीला म्हणाली. "जजला दात नसतात काय म्हटलं होतं मी." आणि चार वर्षांनी प्रथम ती मोठ्याने रडली, मोठ्याने हसलीही.

लिअँडर काका त्यानंतर दोन हिवाळे जगले. त्यांच्या जागी आता त्यांचा पुतण्या बोलतो. तो काकांपेक्षा लांब बोलतो.

मिसेस एल्डरिजने नाताळला मला एक कार्ड पाठवले, पुढच्या वर्षीही. मी उत्तर दिले नाही. काय लिहावे हे सुचले नाही, मग ती कार्डे यायची थांबली.

माझ्या नातीला नाव मिळायला आणखी सहा वर्षे लागली. तोवर ती कॉलेजात गेली होती. तिने कधी विचारले नाही की उशीर का झाला, म्हणजे तिला कोणीतरी सांगितले असणार.

कोरीनने डबा घेऊन घरोघर जाऊन उरलेले दुसरे फोटो परत केले. काहींनी घेतले, काही म्हणाले, "ठेव ग तुझ्याकडेच." तेही तिने दारात ठेवून दिले. विकलेले शोधायला ती वर्षानुवर्षे फिरली. निम्मे मिळाले. ती पुढे खाडीपलीकडच्या शाळेत शिकवायला लागली आणि निवृत्त होऊन माझ्याकडे राहायला आली. आता तीही म्हातारी आहे. गाडी तीच चालवते, औषधे तीच देते. फोटो काढते, पण आधी विचारते, आणि दोन्ही देऊन टाकते.

बर्निसने सिरिलला पुढच्या खोलीत लावले, येणारा-जाणारा बसतो त्या खुर्चीच्या समोर. त्यानंतर ती तेरा वर्षे जगली. ब्लँकेट घेतले होते, म्हणून कोरीनला तिने घरातून कधी परत पाठवले नाही. जेवायला वाढायची, तिच्या शाळेतल्या मुलांची चौकशी करायची. पण कोरीनने कॅमेरा उचलला की बर्निस उठून आत जायची, कोरीन कॅमेरा खाली ठेवेपर्यंत बाहेर यायची नाही. तिचा फोटो बाहेर काढायची वेळ आली तेव्हा सगळ्या घरांतून फोटो आले, टेबलभर. त्यांत कोरीनने काढलेला एकही नव्हता.